गरोदरपणी अंगावरून जाते? लपवू नका, तपासून घ्या

शेतकरी बंधूंनो, गाय माजावर आली हे तुम्ही कशावरून ओळखता? सकाळी गोठ्यात गेलात की नजर आधी शेपटीखाली जाते. काचेसारखा स्वच्छ, लोंबणारा सोट दिसला तर गाय भरवायची. सोट गढूळ असेल, त्यात पू दिसत असेल, वास येत असेल तर भरवायची नाही, आधी डॉक्टरांना दाखवायची. गाभण गाईच्या अंगाखाली काही वेगळे पडलेले दिसले तर घरधन्याची झोप उडते. हे सगळे ज्ञान तुमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. पारावर बसून चार माणसांत त्याची चर्चा करताना कुणाला लाज वाटत नाही.

आता दुसरा प्रश्न. तुमच्या घरात बायको, सून किंवा माहेरी आलेली लेक गरोदर आहे. तिला अंगावरून पांढरे जाते का? किती जाते? त्याला वास आहे का? खाज, जळजळ होते का? या प्रश्नांची उत्तरे घरातल्या पुरुषाला माहीत नसतात. पुष्कळदा सासूलाही नसतात. ती सांगत नाही आणि कुणी विचारत नाही. गाईचा गाभणकाळ साधारण २८० दिवसांचा. बाईचे दिवसही शेवटच्या पाळीपासून मोजले तर तेवढेच भरतात. मग एकीची खडान्‌खडा माहिती आणि दुसरीची काहीच नाही, असे का व्हावे?

शेतीच्या पानावर हा विषय कशाला, असे कुणी विचारील. खुरपणी, कापूस वेचणी, ऊसतोडणी, धारा, शेणकूर ही कामे जिच्या हातांवर चालतात, तिचे दुखणे शेतीबाहेरचे कसे म्हणायचे? आणि हे दुखणे वेळेवर ओळखले तर बहुतेक वेळा साध्या, स्वस्त औषधाने बरे होते. अंगावर काढले तर मात्र कमी दिवसांचे मूल, कमी वजनाचे मूल, प्रसंगी मेलेले मूल पदरात येते.

न विचारण्याची किंमत

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा व अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि जगभर गाजले. शंभरातल्या ९२ स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग निघाला. त्याआधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरात फक्त ८. ही तपासणी केवळ गरोदर स्त्रियांची नव्हती, सगळ्याच स्त्रियांची होती. पण त्यातून एक गोष्ट उघडी पडली. बाई तक्रार करीत नाही याचा अर्थ तिला दुखणे नाही, असा होत नाही. तिला दुखणे असते. ते सांगायला जागा नसते.

त्यानंतर गावोगाव आशाताई आल्या, उपकेंद्रे झाली, १०८ ची गाडी आली. सोय वाढली. तरीही घरातून पहिला शब्द बाहेर पडत नाही तोवर या सोयीचा उपयोग होत नाही.

सगळेच पांढरे पाणी रोगाचे नसते

सुरुवातीलाच एक दिलासा देतो. दिवस राहिले की अंगावरून थोडे जास्त जाणारच. शरीरातील संप्रेरके वाढतात, गर्भपिशवीच्या तोंडाकडचा रक्तपुरवठा वाढतो आणि स्राव वाढतो. जसजसे महिने चढतात तसतसा तो आणखी वाढतो. हा स्राव पातळ किंवा थोडा चिकट, पाण्यासारखा किंवा दुधाळ पांढरा असतो. त्याला घाण वास नसतो. खाज नसते, आग नसते. एवढेच असेल तर घाबरू नये, औषधही घेऊ नये.

हा स्राव म्हणजे शरीराने घातलेले कुंपण समजा. योनिमार्गात आपल्या उपयोगाचे जिवाणू राहतात. दुधाला विरजण लावल्यावर जे जिवाणू दही आंबट करतात त्यांच्याच कुळातले हे. ते त्या जागी आंबटपणा राखतात आणि त्या आंबटपणात रोगाचे जंतू सहसा वाढत नाहीत. शेतात मित्रकीटक असतात ना, तसेच हे मित्रजिवाणू. औषधाच्या अति माऱ्याने मित्रकीटक मेले की मावा-तुडतुडे मोकाट सुटतात. इथेही तेच होते. आतून साबणाने, तुरटीच्या पाण्याने, जंतुनाशकाने धुतले की मित्र मरतात आणि शत्रूला रान मोकळे होते.

कोणत्या खुणा ओळखायच्या?

पिकावरची कीड पानाच्या रंगावरून कळते, तशी या स्रावाची जातही रंग, वास आणि खाज यांवरून बरीचशी कळते. मात्र नक्की निदान डॉक्टरांनीच करायचे. खुणा कळाव्यात त्या वेळेवर दवाखान्यात जाण्यासाठी, घरी औषध ठरवण्यासाठी नव्हे.

दह्याच्या कवड्यांसारखे घट्ट, पांढरे जाते, खूप खाज सुटते, लघवीला गेल्यावर वरून झोंबते, जागा लाल होते, असे असेल तर बहुधा ती बुरशी असते. गरोदरपणात हा त्रास जास्त होतो. याने बाळाला सहसा मोठा धोका नसतो, पण आईचा जीव नकोसा होतो. योनीत ठेवायच्या बुरशीनाशक गोळ्या डॉक्टर देतात आणि आठवडाभरात आराम पडतो. पुन्हा पुन्हा होत असेल तर रक्तातली साखर तपासून घ्यावी. मधुमेह असला की बुरशी फोफावते.

पातळ, राखाडी-पांढरे जाते, खाज फारशी नाही, पण मासळीसारखा वास येतो आणि नवऱ्याजवळ गेल्यानंतर तो वास वाढतो. हा मित्रजिवाणू कमी होऊन दुसरे जिवाणू माजल्याचा प्रकार. हा दिसायला साधा, पण दुर्लक्ष करण्यासारखा नाही. ज्या गरोदर स्त्रियांना हा त्रास असतो त्यांच्यात दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचे प्रमाण जास्त आढळते. त्यावर गोळ्या आहेत आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने त्या गरोदरपणीही घेता येतात.

पिवळसर-हिरवट, फेसाळ जाते, वास येतो, खाज आणि आग होते. हा बहुधा संबंधांतून लागणारा परजीवी असतो. इथे एकट्या बाईला औषध देऊन भागत नाही. नवऱ्याला काही त्रास होत नसला तरी त्यानेही औषध घ्यायचे. नाहीतर ती बरी होते आणि त्याच्याकडून पुन्हा तेच दुखणे घेते. गळका हौद बुजवल्याशिवाय वरून पाणी ओतण्यात अर्थ नाही, तसेच हे. दोघांचे औषध पूर्ण होईपर्यंत संबंध टाळावेत.

पुवासारखे जाते, ओटीपोट दुखते, ताप येतो. हे लांबणीवर टाकण्याचे काम नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. परमा आणि त्याच्या जोडीचे काही रोग असे आत शिरतात. काही बायांमध्ये ते काहीच खूण न दाखवता राहतात. प्रसूतीच्या वेळी हे जंतू बाळाच्या डोळ्यांत जातात. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचे डोळे सुजले, त्यांतून पू आला तर ‘डोळे आलेत, होतील बरे’ म्हणून दूध घालत बसू नका. परम्याच्या जंतूने बाळाची दृष्टी जाऊ शकते.

लघवीला जळजळ होणे, पुन्हा पुन्हा थोडी थोडी लागणे, हे वेगळे दुखणे. तो मूत्रमार्गाचा संसर्ग. पण बाया दोन्हींना ‘उन्हाळी लागली’ म्हणतात आणि सब्जा पिऊन गप्प बसतात. गरोदरपणी हा संसर्ग वर मूत्रपिंडापर्यंत चढतो, थंडी-ताप आणतो आणि अवेळी कळा आणतो. म्हणून लघवीची तपासणी टाळू नये.

खूण नसलेला शत्रू

काही रोग अंगावरून जाण्याची खूणसुद्धा देत नाहीत. गरमी म्हणजे सिफिलिस हा त्यातला मुख्य. आईच्या रक्तात तो निमूट बसतो आणि वारेतून बाळापर्यंत जातो. गर्भ पडणे, मेलेले मूल जन्माला येणे, जन्मतःच रोगट मूल होणे, हे त्याचे परिणाम. गावात अशा बाईला लोक ‘हिची कूसच खोटी’ म्हणून मोकळे होतात. प्रत्यक्षात रक्ताच्या एका तपासणीने हा रोग कळतो आणि पेनिसिलिनच्या इंजेक्शनने बरा होतो. नवऱ्याचीही तपासणी व उपचार त्याचबरोबर व्हायला हवेत.

एचआयव्हीचेही तसेच. आईला लागण असली आणि वेळेवर औषधे सुरू झाली तर बाळाला लागण होण्याचा धोका फारच कमी होतो. म्हणून पहिल्या बारा आठवड्यांत नाव नोंदवावे आणि रक्ताच्या सगळ्या तपासण्या कराव्यात. ‘आमच्या घरात असले काही नाही’ असे म्हणून रक्त द्यायला नकार देऊ नये. पेरणीआधी माती तपासतो तेव्हा आपण मातीवर आळ घेत नाही. ही तपासणीही तशीच समजावी.

इथे तासाचाही उशीर नको

आता ज्या खुणांवर गाडी बोलवायची, त्या नीट वाचा. घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

एकदम भळकन पाणी गेले किंवा थेंब थेंब पाणी सतत गळते, आवरता येत नाही, त्याला लघवीचा वास नाही, तर पाणमोट फुटली असे समजावे. कळा नसल्या तरी थांबू नये. पाणमोट हे बाळाचे कुंपण. ते फुटले की खालचे जंतू वर जायला वाट मिळते. जितका वेळ जाईल तितका संसर्गाचा धोका वाढतो. स्वच्छ घडी घ्यावी, पाण्याचा रंग पाहून ठेवावा आणि निघावे. पाणी हिरवट किंवा तपकिरी असेल तर बाळाने पोटातच शी केली आहे, आणखी घाई करावी. सदतीस आठवडे भरले नसतील तर दवाखान्यात संसर्ग टाळण्यासाठी औषधे देतात, आणि दिवस फारच कमी असतील तर बाळाची फुप्फुसे तयार व्हावीत म्हणून आईला इंजेक्शने देतात. हे घरी बसून होत नाही.

रक्त गेले, मग ते दुखत असो वा नसो, थोडे असो वा फार, गाडी बोलवावी. वार खाली असली तर न दुखता रक्त जाते आणि काही वेळातच बाई पांढरी पडू शकते. अशा वेळी गावातल्या कुणीही आत हात घालून तपासू नये.

घाण वासाचे पाणी आणि त्याबरोबर ताप, पोट दुखणे, बाळाची हालचाल कमी होणे, यांपैकी काहीही असले तरी तेच.

दिवस भरल्यावर चिकट, शेंबडासारखा गोळा आणि त्यात रक्ताची पुसट रेघ दिसली तर ती बाळंतपण जवळ आल्याची खूण आहे. तयारीला लागावे. मात्र हीच खूण सातव्या-आठव्या महिन्यात दिसली तर ती अवेळी प्रसूतीची सूचना असू शकते. तेव्हा लगेच दाखवावे.

१०८ हा क्रमांक घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा. सरकारी रुग्णवाहिकेसाठी १०२ हाही क्रमांक आहे. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून सुरू आहे. त्यात सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रीची तपासणी, औषधे, प्रसूती आणि ने-आण यांना पैसे लागत नाहीत.

घरगुती उपाय आणि काऊंटरवरच्या गोळ्या

तुरटी, कडुनिंबाचा काढा, हळद, दही, लसूण यांपैकी काहीही आत घालू नये. आतून धुऊ नये. बाहेरून साध्या स्वच्छ पाण्याने धुणे पुरे. शौचानंतर पुढून मागे धुवावे, मागून पुढे नाही. चड्डी सुती असावी आणि उन्हात वाळवलेली असावी. लाजेपोटी कपडे दुसऱ्या कपड्याखाली, अंधारात, ओलसर कोपऱ्यात वाळत घातले जातात. ऊन हा फुकटचा जंतुनाशक आहे. शेणकुराची धोतरजोडी उन्हात चालते, मग बाईचे कपडे का चालू नयेत?

दुसरी गोष्ट मेडिकलच्या दुकानाची. ‘पांढऱ्या पाण्याच्या गोळ्या द्या’ म्हणून नवरा गोळ्या घेऊन येतो. बायको गरोदर आहे हे तो सांगत नाही आणि दुकानदार विचारत नाही. बुरशीवर तोंडाने घ्यायची फ्लुकोनॅझोल ही गोळी गरोदरपणी टाळायची असते. डॉक्सिसायक्लिन आणि टेट्रासायक्लिन या गोळ्या बाळाचे दात आणि हाडे यांना अपाय करतात. टेट्रासायक्लिनच्या जातीचे औषध गोठ्यात तुमच्या ओळखीचे असेल, पण गोठ्यातली ओळख इथे कामाची नाही. दवाखान्यात कुठेही गेलात तरी पहिले वाक्य हेच असू द्या की, तिला अमुक महिने झाले आहेत. आणि गोळ्यांचा जेवढा डोस सांगितला तेवढा पुरा करा. बरे वाटले म्हणून अर्ध्यावर सोडलेले औषध रोगाला पुन्हा डोके वर काढू देते.

फडावर गेलेल्या बाया

आपल्या बीड जिल्ह्यात हा विषय काढला आणि ऊसतोडीचा उल्लेख केला नाही तर लेख अपुरा राहील. दिवाळीच्या सुमारास नवरा-बायको मिळून एक कोयता म्हणून उचल घेतात आणि पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. कोपीला न्हाणी नाही, संडास नाही. पाणी दुरून आणायचे. पहाटे फडात उतरायचे, मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरायची. पोटुशी बाईसुद्धा हेच करते. दवाखान्यात गेले तर खाडा पडतो आणि त्याचे पैसे कापले जातात. अशा ठिकाणी अंगावरून जाणे ही बातमी कोण कुणाला सांगणार?

पहिल्या-दुसऱ्या बाळंतपणात अंगावर काढलेले हे दुखणे पुढे ओटीपोटात घर करते. मग एखाद्या खासगी दवाखान्यात सांगतात, ‘पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल.’ भीतीने बाई तयार होते, उचल घेऊन शस्त्रक्रिया होते. हा प्रश्न गाजल्यावर २०१९ साली राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३ हजारांहून अधिक महिलांची गर्भपिशवी काढलेली आढळली. यात कितीतरी बाया तिशी-चाळिशीच्या आतल्या. पांढरे पाणी हे स्वतः कॅन्सर नव्हे आणि साध्या संसर्गावर पिशवी काढणे हा इलाज नव्हे. दहा-बारा दिवसांच्या गोळ्यांनी जाणाऱ्या दुखण्यापायी अवयव गमावण्याची वेळ येऊ द्यायची नसेल, तर पहिल्या गरोदरपणातच ते पकडले पाहिजे.

म्हणून तोडीला जाणाऱ्या गरोदर बाईने जाण्याआधी आपल्या उपकेंद्रात नोंद करावी, रक्त-लघवी तपासून घ्यावी आणि माता व बाल संरक्षण कार्ड बरोबर न्यावे. ते कार्ड दाखवले की परजिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यालाही आधी काय काय झाले ते कळते. मुकादम बंधूंनाही सांगणे आहे. टोळीत किती बाया गरोदर आहेत याची यादी तुमच्याकडे असू द्या. कारखान्याजवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र कुठे आहे ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. तपासणीच्या दिवसाचा खाडा लावू नका. एका दिवसाच्या खाड्याने तुमचा हिशेब बुडत नाही.

गोठ्यातून येणारा संसर्ग

हा भाग मात्र आमच्या नेहमीच्या कामातला आहे. सहाव्या महिन्यानंतर गाय किंवा म्हैस गाभडली, वार अडकली, मागून तांबूस-करडी घाण जात राहिली, तर ब्रुसेला म्हणजे सांसर्गिक गर्भपाताची शंका घ्यावी. या रोगाचे जंतू गाभडलेल्या गर्भात, वारेत आणि त्या स्रावात प्रचंड संख्येने असतात. हातावरच्या चिरांतून, डोळ्यांतून, न तापवलेल्या दुधातून ते माणसात जातात. माणसाला दिवसेंदिवस कमी-जास्त होणारा ताप, सांधेदुखी, घाम, थकवा येतो. गरोदर बाईला लागण झाली तर तिचाही गर्भ पडू शकतो.

आपल्याकडे गोठा झाडणे आणि वार उचलणे हे काम बाईकडेच असते. म्हणून घरात कुणी गरोदर असेल तर व्यायलेल्या वा गाभडलेल्या जनावराची वार, घाण, मेलेले वासरू तिने अजिबात हाताळू नये. दुसऱ्याने हातमोजे घालून ते चुना टाकून खोल पुरावे, कुत्र्यांना टाकू नये. दूध उकळूनच प्यावे, खरवसही नीट शिजवूनच खावा. जनावर गाभडले असेल आणि घरातल्या गरोदर बाईला ताप येत असेल, तर डॉक्टरांना गोठ्यातली गोष्टही सांगावी. त्यांना ते आपोआप सुचेलच असे नाही. कालवडी आणि वगारी चार ते आठ महिन्यांच्या असताना ब्रुसेलाची लस आयुष्यात एकदाच टोचायची असते. पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करून ती टोचून घ्या.

गावकारभाऱ्यांनी काय करावे?

सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी यांनी हा विषय ‘बायकांचा’ म्हणून बाजूला सारू नये. गावात ग्राम आरोग्य, पोषण व पाणीपुरवठा-स्वच्छता समिती असते आणि तिच्यासाठी अबंधित निधीची तरतूद आहे. तिची बैठक कागदावर होते की प्रत्यक्ष, ते आधी पाहावे. बैठकीत चार साधे प्रश्न विचारावेत. गावात आज किती गरोदर स्त्रिया आहेत? त्यांतल्या किती जणींची रक्त-लघवी तपासणी झाली? सार्वजनिक संडासाला पाणी आणि आतून कडी आहे का? अंगणवाडीत आरोग्य व पोषण दिवस होतो तेव्हा आरोग्यसेविकेला तपासणीसाठी आडोसा मिळतो का?

आडोशाचा प्रश्न छोटा वाटतो, पण सगळे अडते ते तिथेच. चार पोरे खिडकीतून डोकावत असतील तर कुठली बाई तोंड उघडील? एक पडदा, एक खाट, एक स्टूल. ग्रामपंचायतीला एवढा खर्च जड नाही.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ पासून सुरू आहे. त्यात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य संस्थांत गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. ही तारीख चावडीच्या फळ्यावर लिहावी. वाडी-तांड्यावरून आरोग्य केंद्र लांब असेल तर त्या दिवशी एखादी जीप ठरवावी. आठवडी बाजाराला जीप भरून जाते, तपासणीलाही जाऊ शकते.

घरच्या पुरुषाने विचारायचे असते

आता पुन्हा तुमच्याकडे. बाई आपणहून सांगत नाही, कारण पांढरे जाणे म्हणजे काहीतरी वाईट चालीचे, अशी समजूत तिच्या मनात बसलेली असते. सांगितले तर नवरा संशय घेईल, सासू बोल लावील, अशी तिला धास्ती असते. ही धास्ती तुम्हीच काढू शकता. वर सांगितलेल्या दुखण्यांपैकी बुरशी आणि जिवाणूंचा त्रास कोणत्याही घरंदाज बाईला होऊ शकतो. त्यात कुणाच्या चालीचा प्रश्न नाही. आणि जो रोग संबंधांतून लागतो, तो घरात बहुतेक वेळा कोणाच्या पावलांनी येतो हे पुरुषांना वेगळे सांगायला नको. दोष काढत बसण्यापेक्षा दोघांनी एकत्र दवाखान्यात जावे.

विचारायचे कसे, हाही प्रश्न पडेल. साध्या शब्दांत विचारा. ‘अंगावरून जातं का? वास-खाज आहे का? लघवीला जळतं का?’ थेट बोलणे जमत नसेल तर आशाताईंना निरोप द्या, ‘ताई, घरी येऊन हिला जरा विचारून जा.’ दवाखान्यात न्यायचे ठरले तर तिच्याबरोबर कुणी बाई जाऊ द्या. डॉक्टर बाई असाव्यात असे तिला वाटत असेल तर ९ तारखेला त्या कुठे बसतात ते विचारून न्या. सुईण असो वा सासू, ‘आमच्या वेळी असं काही नव्हतं’ हे उत्तर ऐकून थांबू नका. त्यांच्या वेळीही होते. त्यांनाही कुणी विचारले नव्हते.

कापून ठेवावे असे

• पातळ, पांढरे, वास-खाज नसलेले : नेहमीचे. पुढच्या तपासणीत सांगावे.

• कवडीसारखे व खाज, मासळीचा वास, पिवळे-हिरवे, फेसाळ : दोन-तीन दिवसांत उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.

• पुवासारखे, ओटीपोटात दुखणे : त्याच दिवशी डॉक्टर.

• पाणी गळणे, रक्त जाणे, घाण वासाचे पाणी आणि ताप, बाळाची हालचाल कमी होणे : ताबडतोब १०८.

• पहिल्या बारा आठवड्यांत नोंदणी, पुढे किमान चार तपासण्या, त्यांत रक्त व लघवी.

• औषध घेण्याआधी ‘दिवस गेले आहेत’ हे सांगावे. आत काही घालू नये, आतून धुऊ नये.

• संबंधांतून लागलेल्या रोगावर औषध दोघांनी घ्यावे.

• गाभडलेल्या जनावराची वार व घाण गरोदर बाईने हाताळू नये.

हे कात्रण देवळीत ठेवा. आज संध्याकाळी धारा काढून झाल्या की घरात बसून एकदा मोठ्याने वाचा, आणि वाचून झाल्यावर तिला विचारा.